दराचा अधिकार कोणाचा? मुंबईची नगरपालिका आणि ट्राम, वीज व दूरध्वनी कंपन्या (१८७३–१९४७)

इ. स. १८७४ च्या मे महिन्यात मुंबईच्या रस्त्यावर घोड्यांची ट्राम धावू लागली आणि १८८२ साली त्याच शहरात दूरध्वनीचे केंद्र उघडले. दोन्ही सेवा खासगी कंपन्यांनी चालविल्या, दोहोंना शहराचे रस्ते लागत होते, आणि दोहोंच्या दराचा भार शहरातील रहिवाशांवरच पडत होता. असे असूनही ट्रामच्या बाबतीत मुंबईची नगरपालिका करारातील एक पक्ष होती, आणि दूरध्वनीच्या बाबतीत ती केवळ खांब रोवण्यास संमती देणारी जमीनमालकीण ठरली. अवघ्या आठ वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन सेवांत हा भेद का पडावा, आणि त्याचे परिणाम पुढे कोठवर पोहोचले, हा प्रश्न नागरी इतिहासाच्या अभ्यासकांनी जितका विचारात घ्यावयास हवा होता तितका घेतलेला दिसत नाही. नगरपालिकांचा इतिहास लिहिताना निवडणुका, मतदारांची पात्रता, अध्यक्षांची नावे यांवर भर दिला जातो. परंतु सामान्य नागरिकाचा पालिकेशी जो नित्याचा संबंध येतो तो पाणी, दिवे आणि वाहने यांच्या द्वारेच येतो, आणि त्या संबंधाचे मर्म दरात असते.

दर ठरविण्याचे तीन मार्ग या काळात दिसतात. पहिला कराराचा: रस्त्याची मालक असलेली पालिका आणि भांडवल घालणारी कंपनी समोरासमोर बसून अटी ठरवितात. दुसरा परवान्याचा: वरिष्ठ सरकार परवाना देते, कमाल दर त्या परवान्यात लिहिला जातो किंवा लिहिला जात नाही, आणि पालिका फार तर हरकत नोंदविते. तिसरा अधिनियमाचा: विधिमंडळ किंवा त्याने नेमलेली यंत्रणा दर ठरविते आणि कंपनी व पालिका या दोघीही तिच्यापुढे अर्जदार होतात. मुंबईत हे तिन्ही मार्ग चोखाळले गेले. ते एकामागून एक आले असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. ते बराच काळ एकाच शहरात, कित्येकदा एकाच रस्त्यावर, शेजारी शेजारी नांदत होते.

ट्रामची कल्पना मुंबईत प्रथम १८६५ च्या सुमारास एका अमेरिकन कंपनीने मांडली. तिला परवानाही मिळाला होता. पण अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील शेअरांचा खेळ उधळला आणि ती योजना कागदावरच राहिली. पुढे १२ मार्च १८७३ रोजी स्टर्न्स आणि किट्रेज यांच्या कंपनीशी मुंबईच्या नगरपालिकेचा करार झाला. ट्राम चालविण्याचा अनन्य अधिकार कंपनीला २१ वर्षांसाठी मिळाला. पुढच्याच वर्षी, १८७४ च्या मुंबई अधिनियम १ ने, या व्यवस्थेला कायद्याचे बळ आले. ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशी वाहतूक सुरू झाली. कंपनीच्या तबेल्यात त्या वेळी सुमारे ९०० घोडे होते असे सांगितले जाते. (यांतील जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी मुंबईला केवळ ट्रामसाठी स्मरत नाही. हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर आणण्याकरिता १८८२ नंतर जो निधी उभारला गेला, त्याच्या पुरस्कर्त्यांत सोराबजी शापूरजी बंगाली यांच्याबरोबर तो अग्रभागी होता.)

या कराराची तारीख लक्षात घेण्यासारखी आहे. १८७२ च्या अधिनियमाने मुंबईला जी ६४ सभासदांची आणि अंशतः निर्वाचित अशी कॉर्पोरेशन दिली, तिची पहिली सभा ४ सप्टेंबर १८७३ रोजी भरली. म्हणजे ट्रामचा करार करदात्यांनी निवडलेल्या सभासदांनी केलेला नव्हे. तो त्यांच्या पदरात वारशाने आला. आर्थर क्रॉफर्ड यांच्या अमदानीतील उधळपट्टीविरुद्ध जे आंदोलन झाले, त्यातून ही नवी सभा जन्मास आली होती आणि पैशाच्या बाबतीत ती स्वभावतःच सावध होती. अशा सभेला पूर्वसूरींनी केलेला २१ वर्षांचा मक्ता निमूटपणे सांभाळावा लागला. आधीच्या पिढीने घातलेल्या सहीने पुढची पिढी बांधली जाण्याचा हा प्रसंग या विषयात पुन्हा एकदा, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर, येणार होता.

भाड्याचा प्रश्न आरंभी बाजारानेच सोडविला. पहिले भाडे तीन आणे होते आणि तिकीट म्हणून काही दिले जात नसे. उतारूंची गर्दी वाढताच भाडे दोन आण्यांवर आले. त्याच वर्षी तिकिटेही सुरू करावी लागली, कारण पैसे न देता प्रवास करणाऱ्यांची संख्या वाढली होती. तीन आण्यांचे दोन आणे झाले ते पालिकेच्या दट्ट्यामुळे नव्हे. घोड्याची वैरण, सइसाचा पगार आणि रुळांचे व्याज हा खर्च गाडी भरलेली असो वा रिकामी असो, सारखाच येतो. तेव्हा भाडे उतरवून गाडी भरणे हेच कंपनीच्या हिताचे होते. जेथे कंपनीचे हित आणि उतारूचे हित एका दिशेने जाते, तेथे वाटाघाटीची गरज पडत नाही. गरज पडते ती नवे भांडवल घालण्याची वेळ आल्यावर, आणि मुंबईत ती वेळ विजेने आणली.

येथे २१ वर्षे या मुदतीचे मूळ पाहिले पाहिजे. ब्रिटनच्या १८७० च्या ट्रामवे अधिनियमाने स्थानिक संस्थांना असा अधिकार दिला होता की, २१ वर्षे संपताच, आणि त्यानंतर दर सात वर्षांनी, त्यांनी ट्रामचा उद्योग त्या वेळच्या मूल्याने विकत घ्यावा. मात्र या मूल्यात मागील किंवा पुढील नफ्याची भरपाई धरावयाची नव्हती. एडिंबरोच्या ट्राम कंपनीच्या दाव्यात १८९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने या शब्दांचा अर्थ अत्यंत कठोर लावला: मालमत्ता आज नव्याने उभारण्यास येणारा खर्च, त्यातून झीज वजा; त्यापलीकडे एक पेनीही नाही. मुंबईच्या करारातील २१ वर्षांची मुदत, आणि पुढे १९०१ साली (म्हणजे १८७३ पासून २१ अधिक सात वर्षांनी) पालिकेच्या हाती आलेला खरेदीचा हक्क, ही दोन्ही या ब्रिटिश घडणीशी तंतोतंत जुळतात.

या घडणीतील गुण उघड होता. शहराचे रस्ते कायमचे एका कंपनीच्या स्वाधीन होत नसत. पण तिच्यातील दोष मुदत जवळ येऊ लागली की डोके वर काढी. ज्या कंपनीला चार वर्षांनी रूळ आणि गाड्या झीज वजा करून विकाव्या लागणार, ती आज लक्षावधी रुपये घालून विजेचे खांब, तारा आणि वीजगृह का उभारील? मुंबईत नेमके हेच घडले. १८९९ साली ट्राम कंपनीने विजेवर ट्राम चालविण्याची परवानगी पालिकेकडे मागितली, आणि खर्च मोठा असल्याने १९०१ मध्ये येणारा खरेदीचा हक्क पालिकेने सोडून द्यावा अशी अट सुचविली. पालिकेपुढे खरा पेच होता. हक्क सोडावा तर घोड्यांऐवजी वीज मिळेल, परंतु शहराचा हात आणखी एका पिढीपुरता बांधला जाईल. हक्क बजावावा तर उद्योग चालविण्याचे ज्ञान व भांडवल आणावयाचे कोठून? पालिकेने प्रथम कंपनी विकत घेण्याचेच ठरविले. तथापि त्या मार्गात कायद्याच्या अनेक अडचणी उभ्या राहिल्या आणि वर्षे निघून गेली.

विजेच्या बाबतीत पालिकेचा पूर्वानुभवही उत्साह वाढविणारा नव्हता. १८८२ साली तिने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी क्रॉफर्ड मार्केटात व काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावण्याचा करार केला होता. दुसऱ्याच वर्षी ती कंपनी दिवाळ्यात निघाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे लागले. करार कितीही काळजीपूर्वक लिहिला तरी दुसऱ्या पक्षाजवळ भांडवल नसेल तर त्यातील दराची कलमे निरर्थक ठरतात, हा धडा त्या प्रसंगाने दिला. पुढील काळात मुंबईने लहान कंपनीऐवजी मोठी कंपनी आणि अनेकांऐवजी एकच मक्तेदार पसंत केला, त्यामागे या अनुभवाची सावली असावी असे अनुमान करण्यास जागा आहे.

शेवटी १९०५ साली तडजोड झाली. ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन कंपनीने १९०४ मध्ये वीजपुरवठ्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता आणि ब्रश इलेक्ट्रिकल एंजिनिअरिंग कंपनी तिच्या वतीने बोलणी करीत होती. २७ जून १९०५ रोजी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. ७ ऑगस्ट १९०५ रोजी पालिका, जुनी ट्राम कंपनी आणि ब्रश कंपनी यांच्यात करारपत्र झाले. नव्या कंपनीने जुन्या ट्राम कंपनीची मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली. शहरात वीज पुरविण्याचा आणि विजेची ट्राम चालविण्याचा असा दुहेरी मक्ता तिला मिळाला, आणि पालिकेचा खरेदीचा हक्क ४२ वर्षांनंतरवर गेला.

४२ हा आकडाही आयात केलेला होता. ब्रिटनमध्ये १८८२ च्या विद्युत् अधिनियमाने २१ वर्षांनंतर खरेदीचा हक्क ठेवला होता. भांडवलदार पुढे येईनात, म्हणून १८८८ साली ती मुदत दुप्पट करण्यात आली. मुंबईच्या पालिकेने १९०५ साली जे स्वीकारले ते हेच गणित होय: मुदत वाढवा, म्हणजे भांडवल येईल, भांडवल आले म्हणजे सेवा सुधारेल, आणि भांडवल दीर्घ काळात फेडावयाचे असल्याने दर आवाक्यात राहतील. यातील पहिल्या दोन गोष्टी घडल्या. ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली, त्याच वर्षी वाडीबंदर येथे ४,३०० किलोवॅटचे बाष्पशक्तीवरील वीजगृह सुरू झाले, आणि १९२० मध्ये दुमजली ट्राम आल्या. तिसऱ्या गोष्टीविषयी मात्र निःशंकपणे बोलता येत नाही. कारण १९१५ साली टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली, कंपनीने १९१६ पासून ती घेण्यास आरंभ केला आणि १९२३ पर्यंत स्वतःचे उत्पादन संपूर्णपणे थांबविले. सह्याद्रीच्या पाण्याने विजेची किंमत उतरली याचे श्रेय १९०५ च्या कराराला देता येणार नाही. उलट प्रश्न असा विचारला पाहिजे की, घाऊक वीज स्वस्त झाल्यावर तिचा किती अंश किरकोळ ग्राहकाच्या बिलात उतरला. ४२ वर्षांच्या करारात असा अनपेक्षित लाभ कसा वाटून घ्यावा याची तरतूद करणे १९०५ साली कोणालाही सुचणे कठीण होते. दीर्घ मुदतीच्या प्रत्येक दरकराराचे हे वैगुण्य आहे: तो ज्या यंत्रावर आधारलेला असतो ते यंत्र त्याच्या आधी म्हातारे होते.

आता दूरध्वनीकडे वळावयाचे. १८८० साली ओरिएंटल टेलिफोन कंपनी आणि अँग्लो-इंडियन टेलिफोन कंपनी या दोघींनी हिंदुस्थान सरकारकडे दूरध्वनी केंद्रे काढण्याची परवानगी मागितली. दूरध्वनी ही सरकारच्या मक्तेदारीची बाब आहे, ते काम सरकार स्वतः करील, असे सांगून ती नाकारण्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये एडिसन टेलिफोन कंपनीविरुद्धच्या खटल्यात निर्णय झाला की, दूरध्वनी हा कायद्याच्या दृष्टीने तारायंत्रच होय. ज्या १८६३ व १८६९ च्या तारायंत्र अधिनियमांचा आधार या निर्णयाने घेतला, ते झाले तेव्हा दूरध्वनीचा शोधही लागला नव्हता. तरीही शब्दांची व्याप्ती पुरेशी असल्याने नवे यंत्र जुन्या मक्त्यात ओढले गेले. हिंदुस्थानातही तारायंत्र मध्यवर्ती सरकारचे, म्हणून दूरध्वनी मध्यवर्ती सरकारचा, असे हे तर्कशास्त्र होते. १८८१ मध्ये सरकारने आपला निर्णय फिरविला आणि ओरिएंटल कंपनीला परवाना दिला. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्यात मेजर बेअरिंग यांनी केंद्राचे उद्घाटन केले. तेथे आरंभी ९३ वर्गणीदार होते. मुंबईचे केंद्रही त्याच साली उघडले आणि पुढे तेथील काम बॉम्बे टेलिफोन कंपनीकडे गेले.

लक्षात येईल की या सर्व घटनाक्रमात मुंबईच्या नगरपालिकेचे नाव कोठेही येत नाही. ट्राम ही रस्त्याची वस्तू म्हणून जन्मली, दूरध्वनी हा साम्राज्याच्या तारायंत्राचा उपांग म्हणून जन्मला. पहिलीचा जनक नगररचनेचा कायदा, दुसऱ्याचा जनक युद्ध आणि राज्यसंरक्षण यांच्या गरजेतून आलेला तारायंत्राचा कायदा. १८५७ नंतर कोणतेही हिंदुस्थान सरकार तारेवरचा ताबा नगरसभांच्या हाती जाऊ देणे संभवनीय नव्हते. वर्गणीदारांचे स्वरूपही या भेदाला पोषक ठरले. ट्रामने गिरणीतला कारकून जात होता. दूरध्वनी कापसाच्या दलालांचा, पेढ्यांचा, जहाज कंपन्यांचा आणि सरकारी कचेऱ्यांचा होता. त्याचा दर वाढला तर बोरीबंदरावर सभा भरण्याचे कारण नव्हते.

१८८५ च्या भारतीय तारायंत्र अधिनियमाने ही स्थिती बांधून टाकली. कलम ४ ने तारायंत्राचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला आणि परवाने देण्याची सत्ताही सरकारलाच दिली. कलम ७ ने दर ठरविणारे नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. स्थानिक संस्थेला जे मिळाले ते कलम १० ते १५ यांत विखुरलेले आहे, आणि ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. स्थानिक संस्थेच्या मालकीच्या किंवा व्यवस्थेखालील जागेवर तारा व खांब घालावयाचे तर तिची परवानगी हवी. ही परवानगी देताना तिला वाजवी अटी घालता येतील; परंतु त्या अटी कशाविषयी? पालिकेला अपरिहार्यपणे सोसाव्या लागणाऱ्या खर्चाविषयी, कामाच्या वेळेविषयी आणि पद्धतीविषयी, आणि त्या कामाशी संबंधित अन्य बाबींविषयी. पुढे गरज पडल्यास तार किंवा खांब हलविण्यास सांगण्याचाही अधिकार तिला होता. वाद झाला तर निर्णय मध्यवर्ती सरकारने नेमलेला अधिकारी देणार. हे अधिकार तारायंत्र-अधिकाऱ्याच्या संबंधात सांगितलेले असून, ते परवानाधारक कंपनीलाही बहाल करण्याची सोय पुढे दुरुस्तीने करण्यात आली.

म्हणजे पालिकेला खांबाविषयी बोलता येत होते, पण दराविषयी नाही. फरसबंदी उखडल्यास भरून कोण देणार, जलवाहिनी व गटार यांच्या शेजारून नळी कशी न्यावयाची, एवढ्यावर तिचा शब्द चाले. कामाशी संबंधित असलेली अट म्हणून तिने वर्गणीचा दर पुढे केला असता तर कलमाच्या शब्दांत तो बसला नसता, आणि बसला असे धरले तरी वाद पुन्हा त्याच सरकारच्या अधिकाऱ्यापुढे गेला असता. तरीही खांबाची परवानगी ही अगदीच क्षुल्लक गोष्ट नव्हती. अमेरिकेत नगरसभांनी दराची वाटाघाट उभी केली ती नेमकी याच आधारावर. तेथे रस्ता वापरण्याची सनद नगरसभा देई आणि सनदेत ती दर लिही. शिकागोच्या नगरसभेने १९०७ साली दूरध्वनी कंपनीला दिलेली सनद हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मात्र त्याच १९०७ साली विस्कॉन्सिन राज्याने अशा सर्व कंपन्यांचे दर राज्याच्या आयोगाकडे सोपविले, आणि हळूहळू इतर राज्ये त्या वाटेने गेली. दूरध्वनी एका शहरापुरता राहिला नाही, तार गावाच्या शिवेबाहेर पडली, तेव्हा शिवेच्या आतल्या सत्तेला तिचा दर ठरविणे जड जाऊ लागले.

ब्रिटनचा मार्ग वेगळा, आणि मुंबईच्या दृष्टीने अधिक विचारात घेण्याजोगा आहे. तेथे १८९९ च्या अधिनियमाने नगरसंस्थांना स्वतः दूरध्वनी चालविण्याचा परवाना घेण्याची मुभा मिळाली. ग्लासगोने १९०१ मध्ये केंद्र उघडले आणि खासगी कंपनीच्या दराला आव्हान दिले. पण १९०६ साली ते पोस्ट खात्याला विकले. ब्रायटन, स्वान्सी, पोर्ट्समथ यांचीही कमीअधिक तीच गत झाली. एकट्या हल शहराने १९०२ मध्ये परवाना घेतला, १९०४ मध्ये केंद्र काढले, १९१४ मध्ये राष्ट्रीय कंपनीची तेथील यंत्रसामग्री सुमारे १ लाख ९२ हजार पौंडांना विकत घेतली, आणि सारा देश पोस्ट खात्याच्या छत्राखाली गेला असताना विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपला दूरध्वनी आपणच चालविला. मुंबईला ट्रामच्या आणि विजेच्या बाबतीत ब्रिटिश नगरसंस्थांचा नमुना मिळाला, दूरध्वनीच्या बाबतीत मिळाला नाही. ज्या लंडनने आपल्या शहरांना १८९९ साली हा दरवाजा उघडून दिला, त्याच्या हिंदुस्थानातील सरकारने तो येथे उघडला नाही. पारतंत्र्याचा परिणाम केवळ कलेक्टरच्या कचेरीत शोधावयाचा नसतो. तो अशा न केलेल्या कायद्यांतही सापडतो.

करारावर आधारलेल्या सत्तेचीही मर्यादा लवकरच दिसून आली. १५ जुलै १९२६ रोजी ट्राम कंपनीने अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी बसची वाहतूक सुरू केली. बसला रूळ लागत नव्हते. पालिकेची सारी पकड रुळांमध्ये होती. रस्ता उखडण्याची परवानगी हीच तिची नाणी. रूळ गेले तशी ती नाणी बाजारातून जाऊ लागली, आणि १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने उतारूंच्या भाड्याविषयी आदेश देण्याची सत्ता प्रांतिक सरकारकडे नेऊन ठेवली. अभियांत्रिकीतील बदल आणि सत्तेचे स्थलांतर यांचा इतका सरळ संबंध क्वचितच पाहावयास मिळतो.

यानंतर दोन हस्तांतरे झाली. १ एप्रिल १९४३ रोजी, ऐन युद्धकाळात, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील दूरध्वनी कंपन्या मध्यवर्ती सरकारने ताब्यात घेतल्या. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, करारपत्राला ४२ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी आणि स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, मुंबईच्या नगरपालिकेने आपला हक्क बजावून वीज व ट्रामचा उद्योग विकत घेतला. पहिले हस्तांतर परवाना देणाऱ्याकडे गेले, दुसरे करार करणाऱ्याकडे. १८७३ आणि १८८१ या दोन वर्षांत पडलेली फांदी सत्तर वर्षांनंतरही तशीच दुभंगलेली राहिली. १९०५ च्या सभासदांपैकी फार थोडे १९४७ साल पाहण्यास हयात असतील. परंतु त्यांनी मुदत दुप्पट करून दिली तेव्हा तिच्या शेवटी खरेदीचा हक्क जपून ठेवला, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. १८९९ साली कंपनीने तो सोडून द्यावयास सांगितला होता.

हक्क हाती आल्यावर दराचे काय झाले? दूरध्वनीचा दर दिल्लीत ठरू लागला आणि त्यावर बोलावयाचे तर संसदेत बोलावे लागे. १९८६ साली मुंबई व दिल्लीसाठी महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले, त्याच्या नावात महानगर आले, परंतु त्याच्या दरात महानगरपालिकेला स्थान मिळाले नाही. १९९७ मध्ये नियामक प्राधिकरण आले. विजेच्या व वाहतुकीच्या बाबतीत मात्र पालिका प्रथमच दोन्ही बाजूंना बसली: दर मागणारी तीच आणि दर देणाऱ्या नागरिकांची प्रतिनिधीही तीच. यातून एक नवी पद्धत रूढ झाली. विजेच्या उत्पन्नातून वाहतुकीची तूट भरून काढण्यात येऊ लागली. ज्याच्या घरी वीज आहे त्याने बसमधल्या उतारूचा भार उचलावा हा निर्णय करारात कोणत्याही कंपनीकडून वदवून घेता आला नसता. तो नगरसभेनेच घ्यावयाचा असतो, आणि तो घेतल्याबद्दल तिला मतदारापुढे जाबही द्यावा लागतो. १९९९ साली राज्यात विद्युत् नियामक आयोग स्थापन झाल्यावर विजेचा दर तेथे ठरू लागला, बसभाड्यालाही परिवहन प्राधिकरणाची मान्यता लागते. मालकी पालिकेची राहिली आणि दराचा अधिकार मात्र तिसऱ्या मार्गाने, अधिनियमाच्या मार्गाने, निघून गेला.

हा सर्व विचार मुंबईपुरता मर्यादित ठेवला तर त्याची एक बाजू झाकली जाते. करारासाठी दोन पक्ष लागतात, आणि महाराष्ट्रातील बहुतेक गावांच्या दारी दुसरा पक्ष कधी आलाच नाही. चंदगडचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमाने बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला तो चंदगड तालुका वगळून. या एका अपवादाने ताम्रपर्णीच्या खोऱ्यातील हा डोंगराळ मुलूख १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्यात राहिला व कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. बाजारपेठ बेळगावची, जिल्ह्याची कचेरी कोल्हापूरची आणि मधून राज्याची सीमा, अशी त्याची स्थिती झाली. राज्याच्या सीमेने दूरध्वनीच्या दरात भेद पडत नव्हता, कारण दर मध्यवर्ती खात्याचा होता आणि तो अंतरावर बेतलेला होता. गावाने कोणत्या राज्यात राहावे हे ज्या दिल्लीत ठरले, तेथेच त्याने बेळगावशी बोलण्यास किती पैसे मोजावेत हेही ठरत होते. पण विजेचे तसे नव्हते. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाल्यानंतर वीज राज्याच्या मंडळाकडून, राज्याने ठरविलेल्या दराने येऊ लागली, आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे बिल ग्रामपंचायतीकडे येऊ लागले.

चंदगडच्या पश्चिमेस तिलारीचे पाणी घाटमाथ्यावर अडवून कोकणाच्या बाजूस खाली सोडले जाते व त्यावर ६० मेगावॅट वीज निर्माण होते. खोपोलीचे पाणी आणि तिलारीचे पाणी एकाच सह्याद्रीचे. मुंबईच्या पालिकेजवळ रस्ते होते, रूळ होते, गॅस व वीज या दोहोंची मोठी ग्राहक म्हणून तिचा शब्द होता. त्या बळावर तिने १८७३ आणि १९०५ असे दोनदा कंपनीला समोर बसविले. चंदगडच्या पंचायतीजवळ पाणलोट होता, पण पाणलोट तिच्या मालकीचा नव्हता, आणि दिव्याच्या खांबाखालची जमीन सोडली तर देवघेवीस काही नव्हते.

खांबाखालच्या त्या जमिनीला मात्र अलीकडे पुन्हा किंमत आली आहे. भ्रमणध्वनीचे मनोरे उभे राहू लागल्यावर नगरपालिका व ग्रामपंचायती यांनी त्यांवर मालमत्ता कर बसविला. कंपन्यांनी विरोध केला, आणि अहमदाबाद महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०१६ रोजी निर्णय दिला की, मनोरा करपात्र इमारतीच्या व्याख्येत बसतो. १८८५ च्या कलम १० मधील परवानगीचे जे बळ दराच्या वाटाघाटीस अपुरे पडले होते, ते कराच्या रूपाने १३१ वर्षांनी थोडेसे उजळले. पुढे १८८५ चा अधिनियम जाऊन त्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला. दूरसंचाराचे जाळे ज्या मालमत्तेवर उभे असेल तिच्यापासून ते वेगळे मानावे, आणि मालमत्ता कर व तत्सम आकारणीसाठी तिचा भाग समजू नये, अशी तरतूद त्यात आहे. आता नगरपंचायत झालेल्या चंदगडपासून मुंबईच्या महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेच्या अंदाजपत्रकातील एक रक्कम या तरतुदीच्या अर्थावर अवलंबून आहे.